साठ झाडांची तूर

पौष लागला की यवतमाळच्या भाजीबाजारात तुरीच्या शेंगा येतात. पोत्यावर ओतलेला हिरवा ढीग, त्यात मधूनच जांभळट रेघा असलेली एखादी शेंग आणि ढिगामागे कान बांधून बसलेली बाई. मी दरवर्षी गरजेपेक्षा जास्त घेते. घरी आणून मिठाच्या पाण्यात उकडत ठेवते. झाकण उचलल्यावर जो वास येतो, तो मला अजून नीट सांगता आलेला नाही. ओल्या गवताचा म्हणावा तर त्यात गोडवा आहे, गोड म्हणावा तर शेवटी किंचित तुरट. नवरा म्हणतो, "शेंगांना शेंगांचा वास येतो, त्यात काय एवढं?" त्याचं बरोबर आहे. पण तो त्या वर्षी बोरी अरबला नव्हता.

मी होते. दारव्हा तालुक्यातल्या त्या मोठ्या गावात मी शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि पंचफुलामावशींच्या घरातली पुढची खोली भाड्यानं घेऊन राहत होते. मी वाढले यवतमाळात. तूर म्हणजे डब्यातली पिवळी डाळ आणि कुकरच्या तीन शिट्ट्या, एवढीच माझी ओळख. दारव्ह्याच्या जीपमधून जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी दिसणारी उंच, करडी-हिरवी झाडं तीच, हे मला माहीत होतं. पण रोज दिसणाऱ्या माणसाचं नाव माहीत असावं तसं. त्या एका मोसमात, कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत, ते झाड पाहायला मला दोन बायांनी शिकवलं. एक पंचफुलामावशी, चौथीपर्यंत शिकलेल्या, पन्नाशीच्या. दुसरी चिसोमो, पंचविशीची, आफ्रिकेतल्या मलावी देशातून आपल्याकडच्या कृषी विद्यापीठात एम.एस्सी. करायला आलेली.

चिसोमोला तिच्या अभ्यासासाठी असं वावर हवं होतं, जिथं तुरीचं जुनं गावठी बियाणं आणि नवं सुधारित वाण शेजारी शेजारी पेरलेलं असेल. मावशींच्या नाल्याकाठच्या चार एकरांत तसं होतं. नवं वाण मावशींच्या यजमानांच्या, रामदासकाकांच्या आग्रहाचं आणि जुनं मावशींच्या. "थे उशिरा येते, पन वरनाले चव तिचीच," असं म्हणून त्या दरवर्षी मडक्यात राख घालून ठेवलेलं आपलं बी चार तासांत पेरायच्याच, म्हणजे चार ओळींत. चिसोमोचे सर तिला एका सकाळी सोडून गेले आणि ती माझ्या खोलीत राहायला आली. मावशींनी तिला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं आणि सरळ तिच्या केसांना हात लावला.

"एवढ्या बारीक येन्या कोनं घातल्या वो तुह्या?"

मी इंग्रजीत सांगितलं. चिसोमो म्हणाली, "माझ्या आईनं शिकवल्या. मीच घालते." मावशींना ते फार आवडलं. नाव मात्र त्यांच्या जिभेवर बसेना. संध्याकाळपर्यंत तिची सोमी झाली होती.

गावानं तिला न्याहाळून घेतलं, जसं कोणालाही पाहतं आणि थोडं जास्तच. आठवडी बाजारात एका माणसानं हसत विचारलं, "कुठून आनली वो ही?" मावशींनी वांगी निवडता निवडता, वर न बघता उत्तर दिलं, "माह्या घरची हाय. काय पायजे तुले?" त्यानंतर बाजारात तरी कोणी विचारलं नाही. महिन्याभरात सोमी घराघरांतून "जयभीम मावशी, मी वावरात जाऊन राह्यली" असं म्हणत जायला लागली. मी शिकवलेलं पुस्तकी मराठी तिनं कधी वापरलंच नाही.

पण मला आठवतो तो वावरातला पहिला दिवस. कपाशीच्या पऱ्हाटीच्या काळपट ओळी, बोंडं फुटून पांढरी झालेली आणि दर आठ ओळींनंतर डोक्याच्या वर गेलेली तूर, नुकती कळ्यांवर आलेली. सोमीनं धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पिशवी टाकली आणि ती धावत आत शिरली. एक फांदी दोन्ही हातांनी खाली ओढली, पान चुरगळून नाकाशी नेलं आणि ओरडली, "नांदोलो!"

"काय म्हन्ते थे?" मावशींनी विचारलं.

"तिच्या गावी तुरीला नांदोलो म्हणतात. म्हणते, हे तर माझ्या आईचं शेत."

मावशी हसायला लागल्या. "तुह्या मायचं? अवो बाई, हे वावर माह्या सासऱ्यानं मोठ्या मुश्किलीनं केलं. आन् तूर तर आमचीच हाय, पयल्यापासून."

मी भाषांतर केलं. सोमी मान हलवत राहिली. "नाही. नांदोलो आमची. आमच्याकडे प्रत्येक बाईच्या मक्याच्या शेतात असते. माझ्या आजीच्या आजीनंसुद्धा पेरली होती."

"आमच्या आजीच्या आजीनं काय खाल्लं मंग? दगड?"

तो वाद बरेच दिवस चालला आणि दोघींनाही तो संपायला नको होता. अंगणात शेंगा सोलत बसलो की सुरू. सोमी सांगायची, आमच्याकडे शेंगा मिठात उकडतात. मावशी म्हणायच्या, आमच्या इकडंही. सोमी म्हणायची, आम्ही वाळलेल्या काड्या चुलीत घालतो. मावशी कुडाच्या भिंतीकडे बोट दाखवायच्या, "आमी तुराटीची भीतही करतो. तुमी करता?" तिथं सोमी हरायची. मग ती म्हणायची, आमच्या काही बाया झाड कापून घेतात पण मुळं ठेवतात, ते पुढच्या वर्षी पुन्हा फुटतं. तूर मुळात एका वर्षाची नाहीच. सोडली तर तीन-चार वर्षं जगते. मला हे नवं होतं. मावशींना नव्हतं. "माह्या मायच्या घरामांगं होती अशी एक. आमी तिच्या सावलीत भांडे घासो."

शेवटी खरं काय ते सोमीनंच सांगितलं, कारण ती प्रामाणिक मुलगी होती आणि परीक्षेसाठी तिला ते लिहावंच लागणार होतं. एके काळी काही अभ्यासक तुरीचं मूळ आफ्रिकेत मानायचे. पण तिची अगदी सख्खी रानटी बहीण, तुरीसारखंच झुडूप, सापडतं ते बस्तर-ओडिशाकडच्या जंगलांत. तिथल्याच आसपास, हजारो वर्षांपूर्वी, कोणीतरी ती रानातून वावरात आणली. तिथून ती दख्खनभर पसरली, आपल्या काळ्या जमिनीत, मराठवाड्यात, कलबुर्गीकडे, तेलंगणात, वर गंगेच्या काठापर्यंत. पूर्वेला ब्रह्मदेशात गेली. व्यापाऱ्यांच्या गलबतांतून समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागली आणि टांझानिया, केनिया, मोझांबिक, मलावी इथल्या बायांनी तिला इतकं आपलं केलं, की ती बाहेरून आली हे कोणाच्या लक्षातच राहिलं नाही.

मावशींनी जिंकल्याचा आनंद फार दाखवला नाही. "तिकडून पुढं गेली का कुठं?" एवढंच विचारलं.

सोमीचा हात थांबला. ती म्हणाली, आफ्रिकेतून माणसं पकडून, साखळदंडांनी बांधून जहाजांत भरून नेली ना, त्या जहाजांबरोबर ती अमेरिकेजवळच्या बेटांवर गेली. आजही तिथं सणासुदीला भातात घालतात. बी त्या माणसांनी लपवून नेलं की जहाजाच्या शिध्यातून गेलं, कोणी खात्रीनं सांगत नाही.

मी सांगितलेलं मावशींनी पूर्ण ऐकलं. सुपातले दाणे एका बाजूला केले.

"ज्याइले कोनी मानूस म्हनलं नाई, त्याइनंच पेरली असन," त्या म्हणाल्या. "मालकाले कायले पेरनं जमते?"

त्यानंतर तूर कोणाची हा वाद आमच्या अंगणात झाला नाही. फक्त एकदा मी सांगितलं, की हल्ली मलावीची तूर जहाजानं भारतात येते आणि आपल्या दुकानांत तिची डाळ विकली जाते. मावशी थक्क झाल्या. "म्हंजे मी सोमीच्या मायच्या हातची डाळ खाल्ली असन!" आणि पुढे कितीतरी दिवस वरण वाढताना त्या सोमीला विचारायच्या, "पाह्य बरं, तुह्या मायची हाय का?"

सोमीचं काम ऐकायला सोपं होतं. तुरीला फुलं भरमसाट येतात आणि त्यातली बहुतेक आपोआप गळून जातात. शेंग थोड्यांचीच होते. जुन्या तुरीत किती टिकतात, नव्या तुरीत किती, हे तिला पाहायचं होतं. तिनं साठ झाडं निवडली, तीस जुनी, तीस नवी. प्रत्येकाच्या ठरलेल्या फांद्यांना रंगीत लोकर बांधली. मग रोज सकाळी दव असताना जाऊन मोजायचं. शाळेला सुट्टी असली की मीही जायचे. तोवर तुरीचं फूल मी कधी जवळून पाहिलं नव्हतं. पिवळं, वाटाण्याच्या फुलासारखं, पण जुन्या तुरीच्या पाकळीच्या पाठीवर तांबड्या शिरा, कोणीतरी बारीक काडीनं ओढल्यासारख्या. काळ्या भुंग्याएवढ्या माश्या तोंड खुपसून आत शिरायच्या आणि सगळी फांदी हलायची.

मावशी कापूस वेचत वेचत आमच्या ओळीशी यायच्या आणि आपलं शिकवणं सुरू करायच्या. खाली पडलेला पाल्याचा थर पायानं सारून दाखवायच्या. "हे तिचं देनं. दुसऱ्या सालची पऱ्हाटी पाह्यजा इथची." एकदा नाल्याच्या काठाची दरड कोसळली होती, तिथं त्यांनी एक मूळ दाखवलं. माणसाच्या उंचीपेक्षा खोल, सरळ, काळ्या मातीतून पांढऱ्या चुनखडीत शिरलेलं. वर भेगा पडलेलं वावर आणि खाली हे पाणी शोधत गेलेलं. सोमीनं फोटो काढले. मावशींनी मूळ पुन्हा मातीनं झाकलं, उघडं राहू नये म्हणून.

मग धुवारी आली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, फुलोरा अगदी भरात असताना. सलग चार सकाळी इतकं दाट धुकं, की गोठा दिसेना. रामदासकाका पहाटे उठून बांधावर ओलं कुटार, भुसकट पेटवायचे, धुरानं धुकं हटेल म्हणून. सगळ्या शिवारात असेच धूर. पाचव्या दिवशी ऊन पडलं आणि आम्ही गेलो, तर ओळींखालची जमीन पिवळी झाली होती. फांद्यांवर नुसते देठ. लोकरीचे धागे तेवढे जागच्या जागी.

सोमी धुऱ्यावर बसली. ती रडली नाही, मला वाटत होतं रडेल. म्हणाली, "संपलं. मोजायला काही उरलंच नाही. पुढच्या मोसमापर्यंत थांबायला माझी शिष्यवृत्ती नाही."

मावशींना मी सांगितलं. त्यांनी कमरेला बांधलेला कापसाचा ओटा, म्हणजे झोळी, सोडून खाली ठेवला आणि साठ झाडांमधून एक चक्कर मारली. प्रत्येक शेंडा वाकवून पाहिला. परत आल्या.

"तिले इचारा मॅडम, तिचं मोजनं फुलाचं हाय का तुरीचं?"

मी विचारलं. सोमीला कळेना.

"फुलं गेले. तूर कुठी गेली? खाली वल हाय अजून. थे परत फुलते. मंग आता हेच मोज ना, कोनती परत फुलते आन् किती. आमाले तर थेच पायजे. धुवारी काय पुढच्या साली येनार नाई काय?"

सोमी उठून, जिथं रेंज मिळते त्या बाभळीपाशी गेली आणि सरांना फोन लावला. बराच वेळ बोलली. परत येताना धावत आली. सर म्हणाले होते, प्रश्न पहिल्यापेक्षा चांगला आहे. कोणी सुचवला?

नाताळच्या दिवशी मावशींनी सोमीसाठी खीर केली आणि त्याच आठवड्यात जुन्या तुरीनं कळ्या धरल्या. नव्या वाणानंही धरल्या, पण थोड्या, शेंड्याकडे. जुनी मात्र खालपासून फुटली, हट्टानं म्हणावं तशी. रोज संध्याकाळी रामदासकाका विचारायचे, "माही जिंकून राह्यली का हिची?" आणि उत्तर ऐकून चुपचाप चहा प्यायचे.

अडचण वेगळीच आली. जानेवारीच्या मध्याला सोमीला विद्यापीठात परतणं भाग होतं; वर्ग होते, हजेरी होती. शेंगा भरायला फाल्गुन उजाडणार होता.

"मी मोजतो," मावशी म्हणाल्या.

सोमी घुटमळली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "त्यांच्यावर अविश्वास नाही. पण त्यांना वाटेल माझं भलं व्हावं, आणि आकडा थोडा चांगला लिहितील. माझी आईपण तेच करेल."

हे मी भाषांतरित करणार नव्हते. पण मावशींनी चेहरे वाचले. "काय म्हन्ते थे, खरं सांगा." सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "बरोबर हाय तिचं," म्हणाल्या. "तिले म्हना, जे दिसन थे लिहीन. नाई दिसलं तर नाई लिहीन."

मी शंभर पानी वहीत रकाने आखून दिले. झाडाचा नंबर, शेंगा, तारीख. मावशी दर चौथ्या दिवशी जायच्या, मराठी आकड्यांत लिहायच्या. शिवारातली सगळी तूर कापून झाली, कुटाराचे ढीग लागले, तरी ही साठ झाडं उभीच. लोक हसायचे. रामदासकाकांनी आपल्या हातानं भोवती काट्यांचं कुंपण केलं, रोही म्हणजे नीलगाई शिरू नयेत म्हणून, त्यांची तूर हरत होती तरी. फाल्गुनात, पळस पेटलेले असताना, शेवटची मोजणी झाली आणि मी वहीच्या पानांचे फोटो पाठवले.

तोंडी परीक्षेला सोमीनं आम्हा दोघींना बोलावलं. पावसाळ्याचे दिवस होते. मावशी ठेवणीतलं निळं पातळ नेसून, वही पिशवीत घालून एसटीत बसल्या. हॉलमध्ये मागच्या बाकावर आम्ही बसलो. सोमी छान बोलली. बाहेरगावाहून आलेले परीक्षक वयस्क होते, कडक असावेत. ते शेवटी म्हणाले, "दीड महिना तुम्ही शेतावर नव्हता. नोंदी शेतकरी बाईंनी घेतल्या. त्यांवर मी विश्वास का ठेवावा?"

सोमीनं मागे पाहिलं आणि मी मावशींना प्रश्न मराठीत सांगितला.

मावशी उठल्या, सरळ पुढे गेल्या आणि वही त्यांच्यासमोर ठेवली. परीक्षक मराठी वाचू शकत होते. त्यांनी पानं उलटायला सुरुवात केली. मी आखलेल्या रकान्यांच्या शेजारी मावशींनी स्वतःच एक रकाना पेन्सिलीनं आखला होता, 'पोचट'. एका पानावर ते थांबले आणि मोठ्यानं वाचलं, "आज रोही आले. झाड अकरा, बारा, सव्वीस खाल्ले. आता मोजाचे नाही." पुढचं पान. "आज ताप आहे. गेली नाही. मोजलं नाही." पुढे आणखी एक. "आज नवी तूर बरी दिसली. आपल्याले वाईट वाटलं."

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला.

"पोचट शेंगा वेगळ्या का लिहिल्या?"

"भरल्या नाई तर शेंग कायची साहेब? पन झाडानं धरली तर होती. तिची मेहनत कुठी जाइन? म्हनून अलग लिहिली."

ते सोमीकडे वळले. "हा रकाना तुमच्या प्रबंधात नाही."

"नाही सर. मी तो..." सोमी अडखळली. "मला वाटलं, तो हिशेबात धरायचा नसतो."

"धरायचा असतो. तक्ता पुन्हा करा. आणि नोंदी कोणी घेतल्या, ते नाव आत आलं पाहिजे, आभारात नव्हे."

तक्ता पुन्हा करायला सोमीला तीन आठवडे लागले. परतीच्या एसटीत मावशी माझ्यावर चिडल्या होत्या. "माह्या वहीनं पोट्टीचं काम वाढलं न वो! तुमी तरी सांगाचं, थो रकाना झाकून ठेवा म्हनून."

पदवी हातात पडल्यावर, घरी जाण्याआधी, सोमी दोन दिवस बोरीला आली. निघायच्या सकाळी मावशींनी मडकं उतरवलं, राख झटकली आणि जुन्या तुरीचं पसाभर बी फडक्यात बांधून तिच्या हातावर ठेवलं. तांबूस, ठिपक्यांचं. "हे तुह्या मायले दे. म्हन, बस्तरची असन का कुठचीही असन, हे पंचफुलाच्या वावरातली हाय."

सोमीनं ते छातीशी धरलं. मग हळूच परत केलं. परवानगीशिवाय बी एका देशातून दुसऱ्या देशात नेता येत नाही. विमानतळावर काढून घेतात, रोग-कीड जाऊ नये म्हणून तसा कायदाच आहे. हे तिनंच तिच्या वऱ्हाडीत सांगितलं, "मावशी, नेऊ देत नाई. बी नेऊ देत नाई."

मावशी तेच फडकं घेऊन आत गेल्या. जात्याची घरघर ऐकू आली, मग सुपाची. जीप येऊन उभी राहिली तेव्हा त्यांनी ड्रायव्हरला ओसरीवर बसवून चहा दिला आणि थांब म्हणून सांगितलं. ताटात भात आला, त्यावर घट्ट वरण, वर लसणाची फोडणी. सोमीनं हातानं कालवलं आणि जेवली. ताट रिकामं झालं तसं मावशींनी पुन्हा पळी भरली. ती पुरे म्हणत होती, हात आडवा धरत होती.

"हात काढ," मावशी म्हणाल्या. "बी नेऊ देत नाई न? मंग पोटात घेऊन जाय."